अमेरिकन सिव्हिल वॉरमध्ये मेलेल्या सैनिकाचं घरदार कसं शोधायचं: पहिल्यापासून सगळं

आपल्या बऱ्याच घरांत आता सून नाहीतर जावई अमेरिकन आहे, नातवंडं जरा मोठी झाली की शाळेतून फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट येतो, आणि मग कळतं की व्याह्यांच्या घराण्यात कोणीतरी सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, मेला होता. नाव माहीत असतं, फारतर राज्य माहीत असतं, बास. त्याचे आईवडील कोण, बायको होती का, पोरांचं पुढे काय झालं, कोणालाच सांगता येत नाही. मला हे शोधायचं वेड आहे, आणि लोक मला सारखं विचारतात की सुरुवात कुठून करू, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. सैनिकाच्या मागे लागू नका, त्याच्यामागे जी बाई राहिली तिला शोधा. बायको नाहीतर आई. कारण सरळ आहे, तो माणूस १८६२ ला किंवा १८६४ ला गेला आणि त्याचे कागद तिथेच थांबले, पण ती बाई पुढे वीस वीस, तीस तीस वर्षं सरकारकडे अर्ज करत होती, साक्षीदार आणत होती, शपथेवर सांगत होती की माझं लग्न अमक्या गावात झालं, पोरं अमक्या तारखांना झाली, आणि तो प्रत्येक कागद सरकारने जपून ठेवलाय. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांची नावं सापडतात आणि लेकीसुनांचा फारसा पत्ता नसतो, इथे नेमकं उलटं होतं.

पण तिच्यापर्यंत जायला आधी त्याची रेजिमेंट लागते, म्हणजे तो कुठल्या पलटणीत होता ते, म्हणून क्रमाने जाऊ.

आधी घरात काय आहे ते बघा

व्याह्यांना सांगा, माळ्यावरची पेटी उघडा. जुनं फॅमिली बायबल असेल तर त्याच्या मधल्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू हाताने लिहिलेले असतात. फोटो असेल तर मागची बाजू बघा, फोटोग्राफरचं नाव आणि गाव छापलेलं असतं. थडगं माहीत असेल तर त्याचा नीट फोटो मागवा, आणि शेजारच्या चार-पाच दगडांचेही मागवा, कारण शेजारी बहुतेक घरचीच माणसं असतात. सरकारी दगड असेल तर आकारावरून बाजू कळते. वरून गोलसर आणि आत ढालीचा आकार कोरलेला असेल तर तो युनियनचा म्हणजे उत्तरेचा, वरून टोकदार असेल तर कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेचा.

एक लक्षात ठेवा, गावच्या स्मशानात दगड आहे म्हणजे माणूस तिथे पुरलाय असं नाही. कित्येक घरांनी नुसती आठवण म्हणून दगड लावला आणि देह व्हर्जिनियात नाहीतर टेनेसीत राहिला. युद्धानंतर सरकारने रणांगणांवरून आणि हॉस्पिटलांच्या आवारातून तीन लाखांवर युनियन सैनिकांचे देह उकरून नॅशनल सिमेट्रीत, म्हणजे सरकारी सैनिकी स्मशानांत आणले, त्यातले जवळजवळ निम्मे कोणाचे ते कळलंच नाही. अँडरसनव्हिल हा दक्षिणेचा कैद्यांचा तळ, तिथे १३ हजारांच्या आसपास कैदी मेले, तरी तिथल्या बहुतेक थडग्यांवर नाव आहे, कारण डोरेन्स ॲटवॉटर नावाच्या एका तरुण कैद्याला मृतांची नोंद ठेवायचं काम दिलं होतं आणि त्याने त्या यादीची गुपचूप दुसरी कॉपी करून बाहेर आणली. या पोराबद्दल मला फार वाटतं. तुमचा सैनिक कैदेत गेला असेल तर ती यादी पहिल्यांदा बघा.

घरात 'लढाईत मारला गेला' अशी गोष्ट सांगत असतील तरी मनात दुसरी शक्यता ठेवा. मेलेल्यांचा जुना आकडा ६ लाख २० हजार, नवीन हिशोब साडेसात लाखांपर्यंत जातात, आणि त्यातले साधारण दोन तृतीयांश गोळीने नाही तर जुलाब, टायफॉईड, गोवर, न्यूमोनिया असल्या आजारांनी गेले. नुसत्या लढायांच्या याद्या चाळत बसलात तर तो कधीच सापडणार नाही.

रेजिमेंट आणि कंपनी

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसचा सोल्जर्स अँड सेलर्स डेटाबेस आहे, फ्री आहे, त्यात ६३ लाख नावं आहेत. माणसं तेवढी नव्हती, एकच माणूस दोनतीन स्पेलिंगने येतो म्हणून आकडा एवढा मोठा. नाव टाकलं की रेजिमेंट, कंपनी, भरती होतानाचा आणि शेवटचा हुद्दा मिळतो.

आता इथे सगळे अडकतात, कारण जॉन स्मिथ टाकलं की ढिगाने जॉन स्मिथ येतात. तेव्हा कंपनीकडे बघायचं. या रेजिमेंट राज्यांनी उभ्या केल्या होत्या, एका पायदळ रेजिमेंटमध्ये साधारण शंभर शंभर माणसांच्या दहा कंपन्या, ए पासून के पर्यंत, मधलं 'जे' (J) हे अक्षर गाळलेलं, आणि एक एक कंपनी बहुतेक एकाच काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), कधीकधी तर एकाच गावातल्या पोरांची. म्हणजे घर कुठल्या काउंटीत होतं ते माहीत असेल तर त्या काउंटीत कुठल्या कंपन्या भरल्या ते बघायचं आणि त्यात आपला माणूस शोधायचा, पन्नासातले दोन उरतात. बऱ्याच राज्यांच्या ॲडजुटंट जनरलने (राज्याच्या सैन्याचा कारभार बघणारा अधिकारी) युद्धानंतर सैनिकांचे रोस्टर, म्हणजे नावांच्या याद्या छापल्या, त्या स्कॅन होऊन ऑनलाईन आल्यात, त्यात नावापुढे 'अमुक तारखेला अमुक ठिकाणी मारला गेला' एवढी एक ओळ असते, आणि ती मृत्यूची तारीख पुढे फार कामाला येते.

स्पेलिंगबद्दल कट्टर राहू नका. कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलंय. जर्मन श्मिट तिथे स्मिथ होतो, आयरिश नावातला ओ गळतो, ज्याला लिहिता येत नव्हतं त्याने सहीच्या जागी फुली मारली, आणि काही पोरं तर वय लपवायला किंवा घरच्यांपासून लपायला खोट्या नावाने भरती झाली. आडनावाने सापडत नसेल तर कंपनीची पूर्ण यादी काढून वरपासून खाली वाचा, डोळ्यांना जे दिसतं ते सर्च बॉक्सला दिसत नाही.

सर्व्हिस रेकॉर्ड

रेजिमेंट कळली की वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमधलं (अमेरिकन सरकारचा दप्तरखाना) त्याचं कंपाइल्ड मिलिटरी सर्व्हिस रेकॉर्ड काढायचं. हे एक पाकीट असतं आणि आत छोटी छोटी कार्डं, कारण १८९० च्या दशकापासून पुढे कारकुनांनी बसून जुन्या हजेरीपटांवरून एकेका सैनिकाची माहिती कार्डांवर उतरवली. हजेरीपट दर दोन महिन्यांनी व्हायचा, म्हणून 'हजर, हजर, आजारी, हॉस्पिटलमध्ये, मृत' असा त्याचा प्रवास दिसतो. भरतीच्या कार्डावर वय, उंची, डोळ्यांचा रंग, जन्मगाव, धंदा असतो. जन्मगाव लिहून घ्या, कित्येकांना याच ओळीने आईवडिलांच्या गावापर्यंत नेलंय. क्वचित मरताना जवळ असलेल्या वस्तूंची यादीही मिळते.

कॉन्फेडरेट सैनिकांची ही रेकॉर्डं जवळजवळ सगळी फोल्ड३ या जुन्या लष्करी कागदांच्या वेबसाईटवर स्कॅन आहेत, युनियनची काही राज्यांचीच आहेत, बाकीच्यांसाठी अर्काइव्हजला नॅटफ ८६ नावाचा फॉर्म भरावा लागतो, साधारण ३० डॉलर. फोल्ड३ आणि ॲन्सेस्ट्रीला (ही घराणी शोधायची वेबसाईट) पैसे भरण्याआधी गावच्या पब्लिक लायब्ररीत विचारा, बऱ्याच लायब्ररीत फुकट वापरता येतं, आणि फॅमिलीसर्च ही तसलीच वेबसाईट तर घरबसल्या फ्री आहे.

आता खरा खजिना: पेन्शन फाईल

१४ जुलै १८६२ ला अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की मेलेल्या सैनिकाच्या विधवेला, १६ वर्षांखालच्या पोरांना, ते नसतील तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला, तीही नसेल तर अनाथ लहान बहिणींना पेन्शन मिळेल. साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर. १८६६ ला त्यात १६ खालच्या प्रत्येक पोरामागे २ डॉलर वाढवले, आणि म्हणूनच या फाईलींत पोरांची नावं आणि जन्मतारखा इतक्या काटेकोर लिहिलेल्या सापडतात, प्रत्येक पोराचा पुरावा द्यावाच लागायचा. जिथे सरकारी जन्मनोंदच नव्हती तिथे सुईणीने शपथेवर सांगितलंय की मी त्या रात्री तिथे होते, आणि काही बायकांनी घरच्या बायबलची पानं फाडून अर्जाला जोडली, ती आजही फाईलीत आहेत.

शोधायचं असं. पेन्शनची दोन इंडेक्स आहेत. एक टी २८८, आडनावाच्या क्रमाने, ॲन्सेस्ट्री आणि फॅमिलीसर्चवर. दुसरं टी २८९, ते रेजिमेंट आणि कंपनीप्रमाणे लावलेलं, फोल्ड३ वर. नाव कॉमन असेल तर थेट दुसऱ्यावर जा, त्यात मृत्यूची तारीख आणि जागाही बऱ्याचदा दिलेली असते. कार्डावर सैनिकाचं नाव, खाली विधवा किंवा आई किंवा अज्ञान (म्हणजे वयात न आलेली) मुलं असे रकाने, आणि पुढे दोन नंबर, एक अर्जाचा आणि एक सर्टिफिकेटचा. दोन्ही लिहून घ्या. सर्टिफिकेट नंबर नाही म्हणजे अर्ज नामंजूर झाला किंवा अर्धवट राहिला, पण म्हणून सोडून देऊ नका, नामंजूर फाईलीही ठेवलेल्या आहेत आणि उलट जाडजूड असतात, कारण त्या बाईला परत परत पुरावे आणायला लावलेले असतात.

विधवांच्या मंजूर फाईलींतल्या काही स्कॅन झाल्यात, तुमची आधीच फोल्ड३ वर असू शकते, आधी तिथे नंबर टाकून बघा. नसेल तर नॅटफ ८५डी फॉर्म, १०० पानांपर्यंत ८० डॉलरच्या आसपास, पुढे पानागणिक जास्त, ऑर्डर करताना त्या दिवशीचा दर बघून घ्या. महाग वाटतं, पण दुसरीकडे कुठे पैसे घालवू नका आणि इथे घाला. फक्त 'पूर्ण फाईल' मागा.

फाईल आली की शांतपणे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. लग्नाचा दाखला बघा, त्यात तिचं माहेरचं आडनाव असतं. साक्षीदारांची नावं वेगळ्या कागदावर काढा, कारण 'मी या दोघांना लहानपणापासून ओळखतो' म्हणणारा बहुतेक भाऊ, मेव्हणा नाहीतर शेजारी निघतो.

आणि आईची फाईल असेल तर जास्तच लक्ष द्या. अविवाहित पोरगा गेला तर आईला सिद्ध करावं लागायचं की घर त्याच्या पैशांवर चालत होतं. मग तिच्याकडे पुरावा काय, त्याची पत्रं. 'आई, पगार झाला, २० डॉलर पाठवतोय, भाडं देऊन टाक' असा मजकूर असलेली खरी पत्रं तिने सरकारला देऊन टाकली आणि ती कधीच परत मिळाली नाहीत. त्याच पत्रांत धाकट्या बहिणीला काय निरोप, वडील दारू पितात का, काका कुठल्या राज्यात गेले, सगळं येतं. ती पत्रं वाचताना मी तरी रडल्याशिवाय राहत नाही, एका बाईने पोराच्या हातचं शेवटचं अक्षर महिना ८ डॉलरसाठी दिलंय.

आता विधवेबद्दल एक गोष्ट जी अनेकांना माहीत नसते. तिने दुसरं लग्न केलं की तिची पेन्शन बंद व्हायची आणि ती पोरांच्या नावावर जायची, त्यासाठी पालक नेमावा लागायचा. म्हणजे कार्डावर आधी विधवा आणि नंतर अज्ञान मुलं अशा दोन नोंदी दिसल्या तर बहुतेक एकतर ती वारली नाहीतर तिने पुन्हा लग्न केलं, आणि फाईलीत त्या दुसऱ्या लग्नाची तारीख आणि नवीन आडनाव मिळतं. बाई 'गायब' झाली असं वाटतं ती इथे सापडते.

एमॉस ह्युमिस्टनचं उदाहरण घ्या. १ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या लढाईत मारला गेलेला एक युनियन सैनिक नंतर सापडला, नाव-गाव काही नाही, हातात फक्त तीन लहान पोरांचा काचेवरचा फोटो. तो फोटो फिलाडेल्फियाच्या डॉक्टर बर्न्सकडे पोचला. तेव्हा पेपरात फोटो छापता येत नव्हते म्हणून १९ ऑक्टोबर १८६३ ला फिलाडेल्फिया इन्क्वायररमध्ये फोटोचं नुसतं वर्णन छापलं, की धाकटा उंच खुर्चीत बसलाय, दोन्ही बाजूंना भाऊ आणि बहीण, आणि मोठ्या मुलाचं जॅकेट आणि बहिणीचा फ्रॉक एकाच कापडाचे आहेत. दुसऱ्या पेपरांनी ते उचललं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात फिलिंडा ह्युमिस्टनपर्यंत पोचलं. तो १५४ व्या न्यूयॉर्क रेजिमेंटचा सार्जंट होता, पोरं फ्रँक, ॲलिस आणि फ्रेडरिक. आता बघा, फिलिंडा त्याच्याशी लग्न करायच्या आधीही एकदा विधवा झालेली होती, आणि त्याच्या मागे तिने पुन्हा लग्न केलं. म्हणजे माहेरचं धरून चार आडनावं. नुसतं 'ह्युमिस्टन' सर्च करत बसलं तर तिचं अर्धं आयुष्य हाती लागत नाही.

जनगणना: फाईल हातात घेऊन वाचा

१८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव जनगणनेत आहे, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. म्हणून तुमचा सैनिक १८५० ला आईवडिलांच्या घरात पोरगा म्हणून आणि १८६० ला कदाचित स्वतःच्या संसारात दिसेल. पण १८८० च्या आधी नातं लिहीतच नव्हते, त्यामुळे त्याच घरात दिसणारी बाई बायको की वहिनी की मोठी बहीण हे गृहीत धरू नका, पेन्शन फाईलीशी ताडून बघा. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर गेली, पण युनियन सैनिक आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी अर्धीअधिक वाचली, केंटकीपासून पुढच्या अक्षरांच्या राज्यांची. १९०० ला बायकांना विचारलं होतं की किती मुलं झाली आणि किती जिवंत आहेत, म्हातारी तोवर जगली असेल तर हे उत्तर सोन्यासारखं आहे.

न्यूयॉर्कचा सैनिक असेल तर नशीब समजा, तिथल्या १८६५ च्या राज्य जनगणनेत युद्धात मेलेल्यांचा वेगळा तक्ता आहे आणि टाउन क्लार्कच्या रजिस्टरांत आईवडिलांची नावंसुद्धा आहेत. १८८३ ची पेन्शनरांची छापील यादीही काउंटीप्रमाणे आहे, विधवा कुठे राहायला गेली ते त्यातून कळतं.

पेपर आणि कोर्ट

हे थोडक्यात सांगते. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका, म्हणजे जुन्या पेपरांचा ऑनलाईन संग्रह, फ्री आहे, मृत्यूनंतरच्या दोनतीन महिन्यांचे गावचे साप्ताहिक पेपर वाचा, कॅप्टनने आईवडिलांना लिहिलेलं पत्र कधीकधी तसंच छापलेलं असतं. आणि पोरं लहान होती तर काउंटी कोर्टात पालक नेमल्याची नोंद असणार, पेनसिल्व्हेनियात ती ऑर्फन्स कोर्टात मिळते. काउंटीच्या क्लार्कला साधी ईमेल करा, नाव, साल आणि पोरांची नावं द्या, बहुतेक जण मनापासून मदत करतात.

दक्षिणेचा सैनिक असेल तर

कॉन्फेडरेट विधवेला केंद्र सरकारची पेन्शन मिळत नव्हती, ती राज्यांनी दिली आणि तीही बरीच उशिरा, नॉर्थ कॅरोलायनाने १८८५ ला, व्हर्जिनियाने १८८८ ला. अर्ज ती तेव्हा ज्या राज्यात राहत होती तिथे करायची, नवरा कुठून लढला त्याला महत्त्व नाही. जॉर्जियाच्या सैनिकाची विधवा टेक्सासला गेली असेल तर तिची फाईल टेक्सासच्या राज्य अर्काइव्हजमध्ये. त्याआधीचं काही हवं असेल तर त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्येच बघा, मेलेल्याचा थकलेला पगार मागायला बापाने किंवा विधवेने केलेल्या दाव्याची नोंद तिथे मिळते.

काळ्या सैनिकांबद्दल, हे नीट वाचा

युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्समध्ये, म्हणजे युनियनच्या काळ्या सैनिकांच्या पलटणींत, १ लाख ७९ हजारांच्या आसपास काळे सैनिक होते, त्यातले कितीतरी भरतीच्या आदल्या दिवसापर्यंत गुलाम होते. त्यांचा शोध वर सांगितलेल्या जनगणनेच्या रस्त्याने घ्यायला गेलात तर भिंतीवर डोकं आपटेल, कारण १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या तक्त्यात मालकाचं नाव आहे आणि खाली फक्त वय, लिंग, रंग. नाव नाही. पहिल्यांदा सगळ्यांची नावं येतात ती १८७० ला.

इथे विधवेची फाईल हाच बहुतेक वेळा एकमेव दरवाजा असतो. गुलामांचं लग्न कायद्याने धरतच नव्हते, दाखला कुठून आणणार, म्हणून १८६४ च्या कायद्याने साक्षीदारांच्या शब्दावर लग्न मानायला सुरुवात केली. मग जुने सोबती येऊन शपथेवर सांगतात की आम्ही सगळे एकाच मालकाचे, यांचं लग्न मालकाच्या अंगणात झालं, तिची आई अमुक मळ्यावर विकली गेली. कोणी विकलं, कोणाला, कुठे, हे सगळं त्यात येतं, आणि मालकाचं नाव मिळालं की त्याच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या यादीत मागच्या पिढीची नावं शोधता येतात. सर्व्हिस रेकॉर्ड यांचंही फोल्ड३ वर आहे, आणि मेरीलँड, मिझुरी, केंटकीच्या सैनिकांच्या पाकिटात कधीकधी मालकाने नुकसानभरपाई मागितलेला कागद असतो. वाचताना संताप येतो, पण तो कागद जपून ठेवा, त्यावर मालकाची सही असते.

सोबत फ्रीडमन्स बँकेची (गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेली बँक) रजिस्टरं बघा, १८६५ ते १८७४ ची, फॅमिलीसर्चवर फ्री आहेत. खातं उघडताना आईवडील, भावंडं, पोरं, कुठे वाढलो, असं सगळं लिहून घ्यायचे. विधवेचं किंवा भावाचं खातं सापडलं तर एका पानावर अख्खं घर मिळतं.

शेवटी कामाचं. प्रत्येक माहितीपुढे ती कुठल्या कागदातून आली ते लगेच लिहा, नंतर आठवत नाही. ऑनलाईन कोणीतरी बनवलेल्या झाडांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, त्यांतून फक्त हिंट घ्या आणि मूळ कागद काढा. एकाच नावाचे दोन सैनिक उरले तर नाव सोडून गाव, वय आणि बायकोचं नाव या तीन गोष्टी जुळतात का बघा, तीनही जुळल्याशिवाय नक्की म्हणू नका. आणि फाईल मिळाली की तिची एक कॉपी त्या काउंटीच्या हिस्टॉरिकल सोसायटीला पाठवा, तिथे त्याच कंपनीतल्या दुसऱ्या पोराचं घर शोधणारं कोणीतरी बसलेलं असतं, आणि तुमच्या फाईलीतला साक्षीदार नेमका त्यांचा माणूस असू शकतो.